न फोडलेली पाकिटं

माझा मामा सुतार. दावा जिंकला त्या दिवशी त्याने अख्ख्या गल्लीला चहा पाजला, आणि आज तो दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर रंधा मारतो. टपाल आलं की उठून बाहेर जातो. पाकीट फाडल्याचा आवाज झाला की मागून कुणीतरी "वाच ना रे" म्हणतं, असं तो सांगतो. आम्ही भाच्यांनी यावरून त्याची भरपूर चेष्टा केली आहे. आता लाज वाटते.

दावा होता गादीवाल्यावर. मामाने खुर्च्यांचे सांगाडे करायचे, गादीवाल्याने त्यांवर स्पंज आणि कापड चढवायचं, अशी वीस वर्षांची जोडी. एका सिनेमागृहाच्या तीनशे खुर्च्यांचे पैसे गादीवाल्याच्या हाती आले आणि मामाचा वाटा अडकला. "कापड महागलंय, थांब जरा," तो म्हणाला. मामा मुलखाचा तापट. तडक वकिलाकडे गेला, खर्चासाठी कारखाना गहाण टाकला. गादीवाला एकाही तारखेला फिरकला नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागला.

"माज बघ त्याचा!" मामा म्हणायचा.

निकाल हाती आला म्हणून पैसे हाती येत नाहीत. जप्तीसाठी पुन्हा अर्ज करायचा, आणि कोर्टाचा बेलीफ निघाला की कुठली वस्तू उचलायची ते जिंकणाऱ्याने स्वतः बोट करून दाखवायचं. ती वेळ आली तोवर गादीवाला वारला होता. घरात त्याची थोरली बहीण एकटी. मी मामाबरोबर होतो. मामाने शिसवी कपाटाकडे बोट केलं. त्याच्या किमतीत गहाणाचं थकलेलं व्याज फिटलं असतं, कारखाना वाचला असता.

बहिणीने किल्ली दिली. आत कपडे, कात्र्या, आणि सुतळीने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा. समन्स, नोटिसा, सगळं कोर्टाचं. एकही फोडलेलं नव्हतं.

"हे तर मीच दिलं होतं," बेलीफ बुचकळ्यात पडला. "सही केली आणि म्हणाला, बघतो."

ते ऐकून मामाला आठवलं. गादीवाल्याला सही तेवढी गिरवता यायची, वाचता येत नव्हतं. बहिणीलाही अक्षरओळख नव्हती. वीस वर्षं त्याचा प्रत्येक कागद मामानेच वाचून दाखवला होता, आणि भांडणाच्या भरात तो हे साफ विसरला. मला हे अजून पटत नाही, पण मामा शपथेवर सांगतो.

"दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं ना, ताई," मामा म्हणाला.

"मी म्हटलं की! तर म्हणायचा, लोकांत शोभा कशाला? त्याचा राग किती दिवस टिकतोय. आला की वाचेल."

गठ्ठ्यातलं शेवटचं पाकीट मामाच्याच अक्षरातलं होतं. निकालानंतर त्याने घरच्यांना न सांगता धाडलेलं. त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून तर चिडून जप्ती काढली होती.

"काय लिहिलंय त्यात?" बहिणीने विचारलं.

मामाने ते फोडलं. वाचून दाखवलं.

"अर्ध्यात मिटवू. एकदा घरी ये."

बेलिफाने पेन खाली ठेवलं.  बहीण रागावली असती तर फार बरं झालं असतं.

"दोन गल्ल्या तर अंतर," ती म्हणाली. "तुम्हीच का नाही आलात?"

मामाने कपाट जागेवरच ठेवलं, सगळे पैसे मिळाले असं बेलिफाला लिहून दिलं, आणि आम्ही निघालो. पुढे व्याजापायी कारखाना गेला.