कमळ कामातून उठून कुठं जाते

कमळ माझ्याकडे सुपारी सोलायला एकोणीस वर्षं येते. उंचीला माझ्या खांद्याएवढी, बोलायला त्याहून कमी. नवरा लवकर गेला, मुलगा दिपेश ट्रकवर, महिन्यातून दोन रात्री घरी. सकाळी आली की ती आधी विहिरीवर जाऊन पंप बंद करते, कारण मी तो चालू ठेवून विसरलेली असते हे तिला ठाऊक. मला कधी बोलून दाखवत नाही. अशा माणसावर संशय घ्यायला तसं कारण लागतं. मला ते मिळालं.

दिवाळी झाली आणि कमळ कामातून मध्येच उठू लागली. "जरा जाऊन येते काकी," एवढंच म्हणायची आणि दोन-अडीच तासांनी परत. दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, असेल काही घरचं. पण हिची जायची वेळ रोज वेगळी. एक दिवस नऊला, दुसऱ्या दिवशी पावणेदहाला, मग साडेदहाला. घरचं काम असं रोज सरकत नाही. माणूस वेळ बदलतो तो कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून.

आमच्या चौलात आता संशय घ्यावाच लागतो. आठवड्याला एक पांढरी गाडी येते, काळे चष्मे उतरतात आणि कुणाची तरी वाडी जाते. माझ्या सातशे पोफळी आहेत, पाठीमागची पायवाट थेट दर्यावर उतरते. पुतण्या गणराज म्हणतो, "काकी, तुझ्या वाडीवर डोळा हाय लोकांचा. आतलंच कोणतरी वाट दाखवतंय." गणराजने स्वतः दोन वाड्या विकून दिल्यात, तेव्हा त्याला या धंद्यातलं कळतं.

त्यात मी कमळला पुटपुटताना ऐकलं. हात सुपारीवर, नजर खाली आणि तोंडात इंग्रजी. "गो स्ट्रेट. गो थ्रू द गेट. टर्न लेफ्ट."

मी तिसरीपर्यंत शिकले, पण नातवंडांनी एवढं इंग्रजी मला शिकवलंय. सरळ जा, फाटकातून आत जा, डावीकडे वळ. माझ्या फाटकातून आत येऊन डावीकडे वळलं की विहीर लागते आणि विहिरीमागे ती दर्याची पायवाट.

"काय म्हणतेस गं?" मी विचारलं.

"काय न्हाय काकी. तोंड चालू ठेवलं की हात चालतात."

"इंग्रजीत?"

"मराठीतलं संपलं," ती म्हणाली आणि सोलत राहिली.

मग कळलं की ती संध्याकाळी अब्दुस्समदभाईंच्या ओट्यावर बसते. हा माणूस तीस वर्षं कुवेतच्या बंदरात होता. ट्रक आत घ्यायचा, मागे घ्यायचा, क्रेन वर, क्रेन खाली, हे ओरडून सांगायचं त्याचं काम. त्याची बायको शहनाज ओट्यावरच मासळी साफ करत बसते, तेव्हा दुसरं काही माझ्या मनात आलं नाही. पण मुंबईचे पाहुणे त्यांच्याकडे येतात, हे मनात आलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने कमळच्या वेळा मांडायला लागले. रोजच्या चौकोनात एक आकडा. पाचव्या दिवशी ती बाराला उठली, तेव्हा मी म्हटलं, "आता गेलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

तिने हात धुतले, पदर झटकला. "बरं," म्हणाली आणि गेली.

भांडली असती तर मी थांबले असते. खरं माणूस भांडतं. ही गप्प गेली, म्हणजे माझं बरोबर होतं. तीन दिवस मी हेच स्वतःला सांगितलं. पंप दोनदा दिवसभर चालला.

तिसऱ्या दिवशी एकादशी. उपासाचं बघायला कॅलेंडरसमोर गेले आणि माझेच आकडे वाचले. चतुर्थीला नऊ. पंचमीला पावणेदहा. षष्ठीला साडेदहा. सप्तमीला सव्वाअकरा. अष्टमीला बारा.

माझं माहेर रेवसकडचं, मिठागरातलं. खाडीचं पाणी आत कधी घ्यायचं ते माझा बाप तिथीवरून सांगायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि त्यापासून सहा तासांनी ओहोटी. आम्ही भावंडं हा हिशेब खेळताना म्हणायचो. लग्न होऊन वाडीत आले, पन्नास वर्षं पोफळींना पाणी घातलं आणि दर्याची वेळ विसरले. कमळ रोज पूर्ण ओहोटीला जात होती. माणसं चुकवायला वेळ बदलते म्हणून मी तिला काढलं होतं आणि वेळ बदलत होता दर्या.

तरी संशय असा सुटत नाही. प्लॉटवाल्यांना किनारा दाखवायचा तर ओहोटीलाच दाखवणार, तेव्हा तो मोठा दिसतो. एकादशीची ओहोटी सव्वादोनला. मी दोनला काठी घेऊन पायवाटेने उतरले.

आमच्या किनाऱ्यासमोर खडकांची रांग आहे. ओहोटीला लोक चालत तिथवर जातात, फोटो काढतात. समोरचा दर्या शांत दिसतो, पण भरतीचं पाणी आधी मागच्या, किनाऱ्याकडच्या घळीत शिरतं. घळीत गळ्याच्या वर पाणी होतं आणि माणसाला पाठीमागचं काही कळत नाही. सरळ परत यायचं नसतं. उत्तरेकडून वळसा घालून यायचं असतं.

कमळ घळीच्या काठावर उभी होती, साडी खोचून. खडकावर सात-आठ पोरंपोरी.

"नॉट स्ट्रेट. गो अराउंड. दॅट साइड. वॉटर इज कमिंग इन." आवाज एवढा की मला वाटलं दुसरीच बाई आहे. तिच्यामागे अब्दुस्समदभाई दोन्ही हात फिरवून वळसा दाखवत होते, जसा काही ट्रकच मागे घेतायत. पोरं हसली, पण वळली. उत्तरेकडून एकेक करून कोरडी आली.

तेव्हा तिने मला पाहिलं.

"तुम्ही पण मागे व्हा काकी, पाय भिजतील."

मी झाले मागे. "हे सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही विचारलं कुठं? काढलंत."

अब्दुस्समदभाई पाण्याकडे बघत म्हणाले, "भाभी, मैंने बोला था इसको, सांग म्हणून. नाही ऐकत."

मग ती वाळूवर बसली आणि सांगितलं, थांबत थांबत. गेल्या वर्षी ती इथे कालवं काढत होती. खडकावर दोघं होते, दक्षिणेकडचे, हिंदी न कळणारे. पाणी भरताना पाहून तिने हाताने ये, ये केलं.

"वळसा घाला, हे हातानं कसं सांगणार? मी ये ये केलं काकी. तो आला. सरळ आला." ती नखातली रेती काढत राहिली. "दुसरा खडकावर बसून राहिला, त्याला होडीनं आणला. हा तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला."

एक जण बुडाला एवढंच मी ऐकलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं की हात हिचा होता.

"यांचं इंग्रजी सोपं हाय तसं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "आपलं चढ वेगळं, उतर वेगळं, वळ वेगळं. त्यांचं 'गो' एकच, पुढं शेपटी बदलायची. अप, डाऊन, बॅक, अराउंड. शेपटी चुकली तर माणूस जातो."

"आणि ते फाटकातून आत, डावीकडे?"

"ते भाईंचं बंदरातलं. त्यांना पहिल्यापासून म्हटल्याशिवाय पुढचं आठवत न्हाय," ती म्हणाली. भाई हसले.

मी म्हटलं, "उद्या ये."

"उद्या त्या होमस्टेवाल्या हेतलकडं भांडी घासायला बोलावलंय. ती वेळेचं विचारत न्हाय."

"मी पण नाही विचारणार."

"तुम्ही विचारणार," कमळ म्हणाली. "भिंतीवर लिहिता तुम्ही. मी बघितलंय."

घळीत पाणी चढत होतं. खडकाकडे आणखी दोघं निघाली होती, हातात हात घालून. ती उठली, साडी पुन्हा खोचली.

"द्वादशीला तीन वाजता जाईन," चालता चालता म्हणाली. "तेरसीला पावणेचारला. चालत असेल तर येते."

चालतं, म्हटलं. आता ती येते. मी काही लिहीत नाही. पण तेरसीला पावणेचारला ती उठली, तेव्हा मी पोफळीत जरा पुढपर्यंत जाऊन उभी राहिले, दर्याकडून तिचा आवाज ऐकू येईपर्यंत.