विमलअक्कांच्या नळ्या

चूक माझी होती. एवढं साधं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. विमलअक्का गेल्याचा फोन त्यांच्या राजाजीनगरच्या घरून आला, त्याला आता दीडेक महिना होईल. अजून एका जागी बसवत नाही. उठतो, फेऱ्या मारतो, पुन्हा याच वाक्यापाशी येतो…

नव्वद सालच्या सुमारास त्या बेळगावहून बंगळुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या. मेंदूतल्या पेशीला 'आता थांब' असं सांगणारं एक रसायन असतं, गाबा. तो निरोप झेलणारे रिसेप्टर कोणत्या संयुगांमुळे जास्त जोर धरतात, हे आम्ही मोजत होतो. पेशीवर काचेचं अतिबारीक टोक टेकवायचं, प्लॅस्टिकच्या नळीतून द्रावण सोडायचं आणि पेशीतला विजेचा प्रवाह नोंदवायचा. पेशी बिनसली की मी तिच्याशी पुटपुटत बसे. अक्का म्हणायच्या, "पुण्याची माणसं पेशीलाही समजावून सांगतात. स्वल्प गप्प बसा सर, ऐकेल ती."

मग त्यांच्या नुसत्या गाबाच्या नोंदी फुगून येऊ लागल्या. दुसरं काही दिलेलं नसताना रिसेप्टर औषध दिल्यासारखे वागत. बैठकीत सगळ्यांसमोर मी म्हणालो, "अक्का, द्रावणं बनवताना तुमचा हात चुकतोय." काम मी काढून घेतलं. त्या शेजारच्या खोलीत विद्यार्थ्यांना शिकवू लागल्या.

पुढे त्याच नळीतून काम करताना माझ्याच नोंदी तशा फुगल्या, तेव्हा आठवलं… एका संध्याकाळी घाईघाईत मी अक्कांच्या नळीतून झोपेच्या औषधांसारखं एक तेलकट संयुग सोडलं होतं आणि नळी पाण्यानं धुऊन जागेवर लावली होती. असली संयुगं प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि नंतर झिरपत राहतात. हे कळल्यावरही, उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मी गप्प राहिलो.

शोकसभेआधी त्यांच्या खोलीत गेलो. भिंतीवर नळ्या टांगलेल्या, प्रत्येक संयुगाची वेगळी, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. त्यांच्या विद्यार्थिनीनं सांगितलं, हे दोरे अक्कांनी या खोलीत आल्या आल्याच बांधले होते. एका संयुगाची नळी दुसऱ्याला लावू देत नसत. म्हणजे दोष हाताचा नव्हता, नळीचा होता, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं… आणि तरी त्या रोज दुपारी माझ्याबरोबर कॉफी घेत होत्या.

सभा बैठकीच्या त्याच खोलीत होती. त्या दिवशीचं माझं बोलणं ऐकलेले बरेचजण समोर होते. अक्कांच्या भिंतीवरची एक लाल दोऱ्याची नळी हातात घेऊन मी उभा राहिलो.

"अक्कांचा हात चुकला नव्हता," मी म्हणालो. "नळी मी खराब केली होती, आणि कळूनही गप्प बसलो. अक्का, मला माफ करा."