पुष्पाबाईची डावी सीट

गुणवंता मिस्त्रीच्या बैठकीत मी टेकलो, बुडाखाली एक दांडा लागला म्हणून तो ओढून पाहिला, आणि पुढच्या क्षणी माझे दोन्ही पाय छताकडे होते. मागे कडकन लोखंड तुटलं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हाताशी येईल ते ओढून पाहायची खोड असते. पोरांचे कान सुटले, खोड सुटली नाही.

मोडली ती खुर्ची असती तर दुसरी आणून दिली असती. पण ती जीपची डावी सीट होती, आणि तिच्यावर आठ महिन्यांत कोणी बसलं नव्हतं. तिच्यावर बसणारी पुष्पाबाई चैत्रात वारली.

सौंसरला नागपूर रोडवर गुणवंताचं गॅरेज आहे आणि मागेच घर. मूळचा बोरगावचा. संत्र्याचे क्रेट वाहणाऱ्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. इंजिनाला कान लावून तो दुखणं सांगतो, माणसाशी मात्र दिवसाला आठ-दहा शब्दांच्या वर बोलत नाही. लग्नात त्यानं पुष्पाबाईला पांढुर्ण्याहून स्वतःच्या जीपमध्ये आणलं. जाम नदीच्या पुलावर जीप बंद पडली. मिस्त्री नवरदेव शेरवानीत बॉनेटखाली वाकला, अर्धा तास घाम गाळला, आणि डाव्या सीटवरून डोक्यावरचा पदर न हलवता नवरी म्हणाली, "पानी टाकून पाहा ना." पाणी टाकलं, जीप चालू झाली. सायकलसुद्धा न चालवलेल्या त्या बाईला गुणवंता त्या दिवसापासून भिऊन होता.

जीप भंगारात गेली तेव्हा त्यानं पुढच्या दोन सीटा काढून घेतल्या, एका फळीवर बोल्टानं आवळल्या आणि टीव्हीसमोर ठेवल्या. उजवी त्याची, डावी तिची. दर रविवारी संध्याकाळी सहाला दोघं 'चक्का और धूल' पाहायची. हा गाड्यांचा हिंदी कार्यक्रम एकोणीस वर्षांपासून चालू आहे. गाड्या कड्यावरून जायला लागल्या की पुष्पाबाईचा जीव घाबरायचा, म्हणून गुणवंतानं दुसऱ्या एका भंगार गाडीचा पट्टा आणून तिच्या सीटला बसवला होता. पट्टा लावल्याशिवाय ती टीव्ही चालू करू देत नसे.

आता माझं तिथं काय काम? शेजारचा मास्तर म्हणून मला केतकीनं पाठवलं होतं. ही गुणवंताची सून, वैभवची बायको, तीन महिन्यांपूर्वी नागपूरहून आलेली. पोरगी धीट आहे. पण तिनं मला सांगितलं, की दर रविवारी सहाच्या ठोक्याला बैठकीतून 'खट्' असा आवाज येतो. मग बाबा हळू आवाजात काहीतरी बोलतात. मग टीव्हीचा आवाज बारीक होतो आणि ते थांबतात, समोरचा उत्तर देत असल्यासारखे. त्या वेळी ती स्वयंपाकघरात एकटी बसलेली असते, आणि तिला वाटतं घरात सासूबाई आहेत, आपणच बाहेरच्या आहोत.

वैभव पांढुर्ण्याला कलेक्टर ऑफिसात आहे. त्यानं तिथं खोली पाहून ठेवली होती आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. हो कळवलं की गुणवंता आणि ती सीट, एवढीच दोघं या घरात उरणार. केतकीला ते बरं वाटत नव्हतं. तिच्या मनात होतं, की आपणच बाबांजवळ बसून तो कार्यक्रम पाहावा. पण तिला गाड्यांचं काही कळत नाही, आणि एकोणीस वर्षं चाललेल्या गोष्टीत मधूनच घुसून माणसाला गोडी लागेल का, ही तिला शंका. म्हणून नमुन्यादाखल माझी निवड झाली. मला क्लच आणि ब्रेकमधला फरक अजून सांगावा लागतो.

तर मी पाय वर करून पडलो होतो. गुणवंता हात पुसत आला. मला वाटलं, आता हा मला घराबाहेर काढणार. तो माझ्याकडे पाहतही नव्हता, सीटकडे पाहत होता. बराच वेळ पाहून तो गॅरेजात गेला, पाना आणि एक बोल्ट घेऊन आला, आणि गुडघे टेकून कामाला लागला. दहा मिनिटांत सीट उभी राहिली.

"बसा," तो म्हणाला.

मी म्हटलं, नको, मी आपला त्या पेटीवर बसतो.

"वजन टाकून पाह्यल्याशिवाय मी कोनाचीच सीट सोडत नाही. बसा."

हा त्याच्या गॅरेजचा नियम आख्ख्या सौंसरला ठाऊक आहे. दुरुस्त केलेल्या सीटवर माणूस बसवून पाहिल्याशिवाय तो गाडी देत नाही. आठ महिने त्यानं ही सीट सगळ्यांपासून राखली होती, आणि आता धंद्याच्या नियमानं त्यालाच पेचात धरलं होतं. मी बसलो. सीट थंडगार होती. मार्गशीर्षातली संध्याकाळ, थंडगार असायचीच, असं मी मनाला समजावलं.

सहा वाजले. गुणवंताची नजर टीव्हीवर, आणि डावा हात आपोआप माझ्याकडे आला. न पाहता त्यानं पट्टा धरला आणि खोबणीकडे ओढला. केतकीचा 'खट्' हाच होता. दर रविवारी तो रिकाम्या सीटला पट्टा लावत होता.

पण आज पट्टा पोचेना. पुष्पाबाई म्हणजे काडी, तिच्या मापाला आवळलेला तो पट्टा माझ्या पोटाच्या अर्ध्यावरच संपला. गुणवंताचा हात थबकला. आता त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि एवढा एकटा माणूस मी पाहिला नव्हता. मग त्यानं बकलाची पकड उघडली. आठ महिने न हललेला पट्टा तो बोटबोट सैल करत गेला. खट्.

कार्यक्रम म्हणाल तर तीन म्हातारे होत चाललेले गडी, एक जुनी गाडी आणि लांबचा रस्ता. एकजण केस काळे करतो, बाकीचे दोघे त्याला त्यावरून छळतात. गाडीचं मला ओ की ठो कळलं नाही. पण आपल्या ओट्यावरची टवाळी वाटावी तशी ती भांडणं होती आणि वीस मिनिटांत मी त्या रंगवलेल्या केसवाल्याच्या बाजूनं झालो. केतकीला सांगायचा निकाल तयार होता: गोडी लागते, कोणत्याही वळणावरून चढता येतं.

मग चढावर त्यांची गाडी धापा टाकू लागली. गुणवंतानं आवाज बारीक केला आणि थांबला. ही पुष्पाबाईची जागा. इथं ती सांगायची, आता काय बिघडणार. बैठकीत एवढी शांतता झाली की माझ्या खालची स्प्रिंग करकरली ती स्पष्ट ऐकू आली. मी हललो नव्हतो. माझ्यासारख्या माणसाला न हलणं सहज जमतं. गुणवंतानं सीटकडे पाहिलं, मी गुणवंताकडे. अंगावर काटा आला तो पट्ट्यानं दाबून धरला.

पडद्यावर त्या गड्यांनी बॉनेट उघडलं. वाफ निघाली. एकानं बाटलीतलं पाणी ओतलं.

गुणवंताचे ओठ हलले. त्यानं आवाज मात्र पुन्हा वाढवला नाही. स्वयंपाकघराच्या दारात केतकी आली होती, हातात चहाच्या तीन कपांचा ट्रे. पुढं यावं की मागं जावं तिला कळत नव्हतं. तिला जे विचारायची छाती नव्हती ते मीच विचारलं.

"गुणवंता, खरं सांग. वहिनी अजून इथं आहे, असं वाटते का तुले?"

त्यानं दाराकडे पाहिलं, माझ्या पोटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"ती इथं असती, तं तुम्हाले या सीटवर बसू देल्लं असतं काय तिनं?"