टाचेखालची जमीन

माझ्या मांडीतल्या नसेवर एक पट्टी गुंडाळलेली आहे, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. बसवायच्या आधी त्या मुलीने बशीत ठेवून मला दाखवली होती. आधीच्या पट्ट्या ताठ, चालताना नसेला टोचायच्या; ही पायाबरोबर वाकते, म्हणाली. बनवणाऱ्यांपैकी ती एक. पुण्याची, सर्जापूर रोडला राहते, अर्धं इंग्रजी बोलते आणि मला मावशी म्हणते. आमच्याकडे, या कानडी मुलखात, सगळे अक्का म्हणतात, पण असू दे.

अपघातात माझा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. नकली पायाला जमीन कळत नाही, म्हणून मी सदा खाली बघून चालते. पट्टीतून करंट सोडला की नसलेल्या तळव्याला जमीन लागायला हवी. मला तेवढंच हवं होतं. मान वर करून बाजारात जायचं होतं.

दर तपासणीला ती विचारायची, कुठे लागलं? पहिल्यांदा अंगठ्याला खरंच मुंगी चालल्यासारखं झालं. सांगितलं तर पोरीचा चेहरा असा खुलला, की पुढे मला नाही म्हणवेना. शिवाय भीती, नाही म्हटलं तर पट्टी काढून टाकतील. मग बोटांना लागलं, टाचेला स्वल्प लागलं, असं सांगत गेले. आपल्या माणसाला कोण नाराज करतं?

एकदा मी टाच म्हटलं आणि तिने लिहायचं थांबवलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, आत्ता करंट बंद होता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि माझा स्वभाव मेला असा, उलट तिच्यावरच खेकसले, बंद होता तर विचारलंस कशाला? अधूनमधून बंद ठेवून बघायची पद्धतच असते, ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. खरं काय ते विचारलं, तेव्हा मी फक्त अंगठा सांगितला. बाकी सगळं तिने खोडलं आणि मला पाणी आणून दिलं.

परवा पुन्हा तपासणीला बसवलं. तिने जोडणीत काहीतरी बदललं होतं. आणि टाचेखाली जमीन टेकली. चांगली घट्ट, पूर्वीसारखी.

"काही लागलं, मावशी?"

माझं मलाच खरं वाटेना. पुन्हा बंद असला तर? पुन्हा त्या पोरीसमोर खोटी ठरले तर? लाजेने कान तापले.

"काही नाही," मी म्हटलं.

"सरी, ठीक आहे," म्हणून तिने लिहून घेतलं आणि करंट बंद केला. त्याबरोबर टाचेखालची जमीन गेली.