धवलारणीचं नाक

आमच्या कोपरीत आगऱ्यांच्या घरचं लग्न असलं की भटजीआधी आवडाबाईला सांगावा जायचा. ती धवलारीण. लग्नातला प्रत्येक विधी गाण्यातून लावून देणारी. हळदीला ती नवरीच्या अगदी खांद्याशी बसायची आणि तिथूनच अख्ख्या मांडवावर हुकूम सोडायची. विधवा, पोरबाळ नाही. भाऊ धाकू मिठागरावर, त्याची बायको सगुणा, त्यांची रतन. रतनला हिनेच वाढवलेली. "तुझ्या हळदीला असा गाईन, खाडीपलीकडं ऐकू जाल," असं ती पोरीला लहानपणापासून सांगत आलेली.

मग बोलावणी कमी झाली. त्रेपन्न साली तर लग्नसराईत ती घरीच. "आता भोंगे लागतात, आमाला कोन इचारतो?" म्हणून ती लाऊडस्पीकरवाल्याचा उद्धार करायची. त्याआधी एका हळदीत नवरीला भर मांडवात ओकारी आली होती. बायकांनी खुशाल उपासावर ढकललं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

ते तिला कळलं डॉक्टरकडून. नाकातून हिरव्या खपल्या पडायच्या, रक्त यायचं, म्हणून धाकू तिला ठाण्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी नाकात उजेड टाकला आणि तोंड बाजूला केलं. "पीनस आहे. नाक आतून सुकलंय. बाई, या दुर्गंधीबद्दल घरच्यांनी काही सांगितलं नाही?"

"दुर्गंधी? मना तर कसलाच वास येत नाय."

"तोच तर हा रोग. वास तुम्हाला सोडून सगळ्यांना येतो."

तिने धाकूकडे पाहिलं. धाकू चपलांकडे बघत होता. मला आजही राग येतो तो या चपलांकडे बघण्याचा. माया कसली ही! माणूस चारचौघांत नासत असतो आणि आपण गप्प बसतो.

डॉक्टरांनी उपाय सांगितला तो साधा. कोमट पाण्यात चमचाभर मीठ, थोडा सोडा, त्याने रोज नाक धुवायचं. रोग मुळातून जाणार नाही, पण वास आटोक्यात राहील. रतनचं लग्न माघात ठरलं होतं. मिठागरावर जन्म गेलेल्या बाईला चमचाभर मीठ म्हणजे चेष्टाच वाटली. ती गेली मिठागरात आणि मीठ धरायच्या बेतात आलेलं शेवटच्या वाफ्यातलं पाणी कळशीभर घेऊन आली. तेच नाकात ओढलं. ठो ठो ओरडली. नाक सुजलं, रक्त थांबेना, ताप चढला. डॉक्टर भयंकर चिडले. त्यानंतर मात्र ती चमच्याने मीठ घ्यायला लागली.

पण बरं वाटतंय की नाही, हे कळायचं कसं? स्वतःचं नाक तर मेलेलं. रोज सकाळी ती सगुणेसमोर तोंड नेऊन उभी राहायची. "खरा सांग गो, येतंय वास?"

"नाय वन्सं. गेला आता."

रोज हेच उत्तर. आवडाबाईचा जीव या एका उत्तरावर टांगलेला.

हळदीच्या दिवशी तिने दहादा नाक धुतलं. मांडवात कळव्याची गोदा दिसली, तीही धवलारीणच. "ही कशाला आली?" तिने विचारलं. "सोयरी म्हनून आलेय," धाकू म्हणाला. पुन्हा चपलांकडेच बघत.

आवडाबाई रतनच्या खांद्याशी बसली आणि तिने सूर लावला. काय आवाज होता! दुसऱ्या गाण्याला तिचं लक्ष रतनच्या तोंडाकडे गेलं. पोरीचे ओठ उघडे होते. ती तोंडाने श्वास घेत होती, आणि हळदीवरून डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं.

गाणं मध्येच थांबलं.

"रतन, वास येतंय?"

"नाय आते," रतन म्हणाली, आणि पुन्हा तोंडानेच श्वास घेतला. "तू गा. तूच गा."

आवडाबाई उठली. गोदाचा हात धरून तिला स्वतःच्या जागी बसवलं. "बस, गो," एवढंच म्हणाली. स्वतः मांडवाबाहेर गेली, वारा मांडवावरून खाडीकडे जात होता त्या बाजूला, आणि गोदाने लावलेल्या गाण्याची पाठीमागून ओढायची कडवी तिथून ओढू लागली. ते ऐकून सगुणा भिंतीला डोकं लावून रडली.

रतनचं तोंड आता मिटलेलं होतं. आवडाबाईला ते तिथूनही दिसत होतं.