कापणीच्या सणातली वांगी

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळी लहान, पण कापणीचा सण दणक्यात होतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी प्रत्येक घर आपलं पीक चर्चमध्ये आणतं आणि वेदीसमोरच्या टेबलावर ठेवतं. बाजरीची कणसं, कापसाची बोंडं, कुणाच्या दारची पपई. नियम एकच, टेबलावर आपल्या हातचंच. विकत आणलेलं दाराशेजारच्या टोपलीत जातं. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण तो पाळून घ्यायचं काम वीस वर्षं माझ्याकडे होतं. मी शिस्तीचा माणूस आहे. घरचे त्याला वेगळा शब्द वापरतात.

माझे वडील, आबा, मंडळीतले जुने उपदेशक. ते म्हणायचे, बायबल सुरू होतं बागेत, आणि पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी रडणाऱ्या बाईला येशू माळीच वाटतो. म्हणजे आशा शोधायची तर मातीत शोधा. त्या पुस्तकात द्राक्षं आहेत, अंजीर आहे आणि केळी मात्र कुठेच नाही, याचा मला लहानपणी फार राग यायचा. आबा समजूत घालायचे, की तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटेल असं संदेष्ट्याने लिहिलंय ना, ते आपली केळी बघूनच लिहिलं असं समज.

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, मंडळीबाहेरच्या माणसाशी लग्न केलं आणि ती जळगावला गेली, तेव्हा मात्र आबांना धुमारा आठवला नाही. अकरा वर्षं त्यांनी तिचा विषय काढला नाही. तीही गावात आली नाही.

मागच्या वर्षी सणाला ती अचानक चर्चच्या दारात उभी राहिली. एकटीच. हातात कापडी पिशवी, पिशवीत भरताची चार वांगी, हिरवी, गुळगुळीत, नीट पुसलेली.

"बरं व्हयनं तू उनी, अक्का," मी म्हटलं आणि पिशवी घेतली. जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईकडे कुठलं आलं शेत? मी वांगी टोपलीत ठेवली. तिने टोपलीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

त्या दिवशी वाचन माझं होतं. तीन वर्षं फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला. मालक म्हणतो तोडून टाक, आणि माळी विनवतो की हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. माळ्याची विनवणी मी सावकाश, एकेका शब्दावर जोर देत वाचली. आता त्याची लाज वाटते. वाचून वर पाहिलं तर मागचा बाक रिकामा होता. एसटीची वेळ झाली असेल, असं मी मनाला सांगितलं.

संध्याकाळी आबा घरी खाटेवर बसले होते; अक्का येऊन गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तिनी काय आनं व्हतं?"

अकरा वर्षांतला त्यांचा तिच्याबद्दलचा हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "वांगा, आबा. बजारना."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही, आणि पुनरुत्थानाचा सण यायच्या आधीच गेले.

अक्का दफनाला आली, लांब उभी राहिली. आबांचं बायबल तेवढं तिने मागितलं होतं, ते द्यायला मी महिन्याभराने जळगावला गेलो. तिने मला गच्चीवर नेलं. रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये वांग्याची झाडं ओळीने उभी होती, जांभळी फुलं लागलेली. मी पाहतच राहिलो.

"त्या वांगा..." मी एका डब्याकडे बोट दाखवलं.

"याच डबास्मान्या," ती म्हणाली. नियम तिला लहानपणापासून पाठ होता. टेबलावर ठेवता यावं म्हणून तिने चार महिने खाली-वर पाणी वाहून ती पिकवली होती.

"मग सांगं का नही?"

"तू इचारं नही, भाऊ. दारमा उभी राहीसन मी काय सांगू?"

रागाचा सूर नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. निघताना ती जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "आबा काही बोलनात का रे त्या दिन? मनं नाव तरी काढं का?"

तिला खरं सांगायचं तर आबांचा प्रश्न सांगावा लागला असता, आणि त्यामागोमाग माझं उत्तर. आबा अकरा वर्षांनी तिच्या दिशेने एक पाऊल निघाले होते आणि त्यांना मी अडवलं, हे तिला कळलं असतं.

"नही," मी म्हटलं. "काहीच नही."

तिने मान हलवली. "माले वाटनंच व्हतं."

आबांनी आपल्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही, असं ती आजही समजते. रोज ठरवतो की फोन करून सांगायचं. अजून सांगितलेलं नाही.