कापलेला कोपरा

कुठलीही झोळी हातात आली की आजी ती आधी नाकाला लावायच्या. डोळे मिटून दोन-तीन श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "ही वरच्या गावातली. लाकडाचा धूर आहे." किंवा, "या बाळाला दूध पचत नव्हतं." मी हसले की म्हणायच्या, "हस, इन्स्पेक्टर, हस. तुझ्या मोजायच्या टेपला हे कळणार नाही."

इन्स्पेक्टर म्हणजे मी. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एकवीस वर्षं क्वालिटी तपासते. आजी आमच्यापासून तिसऱ्या घरात एकट्या राहायच्या. त्या चीनमधल्या ग्वेजोच्या डोंगरातल्या, म्याव जमातीच्या. तिकडे आया बाळाला पाठीवर बांधतात ते भरतकामाचं चौकोनी कापड आणि त्याचे दोन लांब पट्टे, त्याला मी झोळी म्हणते. अशा एकशे त्रेचाळीस झोळ्या त्यांच्या बेसमेंटमध्ये होत्या. वीस वर्षं दर उन्हाळ्यात गावाकडे जाऊन, घरोघर बसून जमवलेल्या. माझ्या मुलीने त्यांचं नाव झोळीवाल्या आजी ठेवलं होतं. त्यांचं तोडकं इंग्रजी मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

त्यांची इच्छा एकच होती. सगळ्या झोळ्या एका ठिकाणी राहाव्यात. "बाळं एकत्र राहू देत," असं म्हणायच्या. दुसऱ्या राज्यातल्या एका संग्रहालयाने रस दाखवला आणि यादी मागितली. यादी करायला मी आपणहून पुढे झाले.

दोन हिवाळे आम्ही दर शनिवारी बेसमेंटमध्ये बसलो. आधी हात धुवायचे, चहा नंतर. मी मोजायचे, मुलगी फोटो काढायची, आजी बोलायच्या. "आधी बाळाचं नाव लिही. मग तुझे सेंटिमीटर." ते बाळ आता कुठे असतं, ट्रक चालवतं की शाळेत शिकवतं, हेही त्यांना ठाऊक असायचं.

जवळजवळ प्रत्येक झोळीचा एक कोपरा कापलेला होता. कात्रीने, सरळ, साधारण दोन सेंटिमीटर. मुलगी म्हणाली, "आई, तू मिसिंग कॉर्नरपण मेजर करतेस? सीरियसली?" मी केलं. स्थितीच्या रकान्यात एकशे बेचाळीस वेळा लिहिलं: कोपरा गहाळ. आमच्या कामात कापलेला कोपरा म्हणजे दोष, त्यात विचारायचं काय? मी एकदाही विचारलं नाही. आजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पूर्ण यादीवर हात फिरवून त्या म्हणाल्या, "तू मोजलंस म्हणजे बरोबर असणार."

संग्रहालयाचं उत्तर आलं. खराब झालेला संग्रह घेता येणार नाही, मात्र शेवटची, एकशे त्रेचाळिसावी, अखंड झोळी घ्यायला आवडेल. ती आजींची स्वतःची होती, त्यांच्या आईने भरलेली.

मी पत्र वाचून दाखवलं. आजींनी जवळची एक झोळी उचलून कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "खराब? झोळीत बाळाचा जीव असतो. ती घराबाहेर द्यायची तर आई कोपरा कापून आपल्याकडे ठेवते, म्हणजे बाळ घरातच राहतं. कापलेली असली म्हणजे आईने हाताने दिलेली. आमच्याकडे न कापलेली झोळी विकायला आली तर ती चोरीची. मी बघून बघून कापलेल्याच घेतल्या."

त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्याच रात्री मी सगळे रकाने दुरुस्त केले आणि यादी पुन्हा पाठवली. उत्तराची वाट बघत असतानाच मार्चमध्ये आजींना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. त्यांचा मुलगा दूरच्या बेलव्ह्यू शहरातून त्यांना न्यायला आला. निघायच्या दिवशी त्यांनी स्वतःची झोळी मांडीवर मागवली. मग कात्री मागितली. डाव्या हाताने कापायला गेल्या, कात्री घसरली. दुसऱ्यांदाही घसरली.

"इन्स्पेक्टर," त्या म्हणाल्या, "तू काप."

मी कापलं. वाकडं कापलं गेलं. तुकडा त्यांनी मुठीत धरला आणि झोळी माझ्याकडे सरकवली.

बाकीच्या झोळ्या संग्रहालयाचं उत्तर येईपर्यंत ठेवतो, असं मुलाने कबूल केलं होतं आणि त्याने शब्द पाळला. उत्तर आलं: निवड पूर्ण झाली आहे, आता नवा संग्रह घेता येणार नाही. घराचा ताबा द्यायची तारीख ठरलेली होती. मी आठवडाभर कंपनीच्या कामाने ओहायोत होते. परत आले तेव्हा त्यांच्या दारात घरसामानाच्या विक्रीचा बोर्ड होता आणि बेसमेंटमध्ये रिकामी कपाटं; झोळ्या एकेक करून वेगवेगळ्या लोकांना विकल्या गेल्या होत्या. जमिनीवर गळून पडलेलं एक लेबल सापडलं. विक्रीवाल्यांनी मुलाकडची जुनी, दुरुस्तीआधीची यादी वापरली होती. लेबलवर माझेच शब्द होते: कोपरा गहाळ, दोन सेंटिमीटर. बाळाचं नाव नव्हतं.

फोनवर मुलगा म्हणाला, "तुम्ही तिच्यासाठी केलंत तेवढं आम्हीही केलं नाही. तिला प्लीज सांगू नका." मग त्याने फोन आजींच्या कानाला लावला.

"सगळी... एकत्र?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी."

"किती?"

"एकशे बेचाळीस," मी म्हणाले. उभ्या जन्मात मी खोटा आकडा दिला तो तेवढाच.

पानगळीत आजी गेल्या. तुकडा त्यांच्या मुठीतच होता, तो तसाच राहू दिला, असं मुलाने कळवलं.

यादी माझ्याकडे आहे. एकशे त्रेचाळीस नावं आणि एक झोळी. कधी कधी मी ती नाकाला लावते. मला काहीच कळत नाही.

गेल्या महिन्यात संग्रहालयाचं पुन्हा पत्र आलं. ती एक अखंड झोळी अजून मिळू शकेल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी एका ओळीत कळवलं की तिचा कोपरा कापलेला आहे.